तीन मीटरचं रेडिओ केंद्र

अण्णा, म्हणजे माझे सासरे, २०११ च्या दिवाळीनंतर आमच्याकडे अमेरिकेत आले. बॅगेत चार पायजमे, दोन स्वेटर, गोळ्यांचा डबा, सासूबाईंनी उन्हाळ्यात घातलेल्या लोणच्याची शेवटची बरणी आणि एक ट्रान्झिस्टर. ट्रान्झिस्टरला मागचं झाकण नव्हतं. बॅटऱ्या पडू नयेत म्हणून दोन रबर बँड लावलेले.

"अण्णा, इथे सांगली केंद्र लागत नाही हो," मी म्हटलं.

"ते काय मला कळत न्हाई व्हय?" एवढंच बोलले आणि रेडिओ उशाशी ठेवून झोपले.

सासूबाई त्याच वर्षी श्रावणात गेल्या. विट्याच्या घरात अण्णा एकटे, म्हणून माझ्या नवऱ्यानं, मंदारनं हट्टानं त्यांना आणलं. टुरिस्ट व्हिसा, सहा महिने. आम्ही राहायचो शिकागोच्या खाली दोन-सव्वादोन तासांवर, ब्लूमिंग्टनला. चारी बाजूंना मका आणि सोयाबीनची शेतं, मध्ये एका मोठ्या विमा कंपनीचं मुख्यालय आणि तिथे काम करणारी आपली पोरं. आमच्या अपार्टमेंटच्या आवारात आठ बिल्डिंगा होत्या आणि जवळजवळ प्रत्येकीत कुणाचे तरी आईवडील येऊन राहिलेले. मेहसाण्याचे जयंतीकाका, गुंटूरच्या अम्मम्मा, नागपूरच्या देवपूजेवाल्या काकू. उन्हाळ्यात ही मंडळी बाकावर बसायची. नोव्हेंबर लागला, वारा सुटला, आणि सगळी दारं बंद झाली ती झालीच.

अण्णा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. विटा स्टँडवर तीस वर्षं माइकवरून गाड्या पुकारल्या. ज्या माणसाचा आवाज अख्ख्या स्टँडवर घुमायचा, तो माणूस दिवसभरात सात-आठ वाक्यं बोलायला लागला. त्यातली तीन "नको" असायची. दुपारी खिडकीशी बसून ट्रान्झिस्टरचा काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचे. शिकागोची बडबड यायची, रात्री तर पार नॅशव्हिलचं गाण्याचं स्टेशन यायचं. त्यांना त्यातलं काही कळायचं नाही. तरी काटा फिरवत राहायचे.

माझंही काही फार वेगळं नव्हतं, हे आता कबूल करते. मी कराडला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, फर्स्ट क्लास. लग्न झालं आणि एच-फोर व्हिसावर आले. नवऱ्याच्या व्हिसावर येणाऱ्या बायकोचा तो व्हिसा; तेव्हा त्यावर नोकरी करायची सोयच नव्हती. सर्टिफिकेट गादीखाली, नाही, खरंच गादीखाली, कारण घडी पडू नये म्हणून. पोळ्या उत्तम यायला लागल्या होत्या.

एका रविवारी सामान आणायला निघालो होतो. एका घरासमोर 'विकणे आहे'ची पाटी होती आणि खाली लिहिलेलं, की गाडीतला रेडिओ अमुक नंबरवर लावा. मंदारनं लावला. आणि काय! त्या घराला किती खोल्या, तळघर केवढं, छप्पर कधी बदललं, सगळं एक बाई रेडिओवर सांगत होती. गाडी कोपऱ्यावर वळली आणि आवाज खरखरीत बुडाला.

मी मंदारला म्हटलं, "हे तर मी कॉलेजात केलंय."

केलं होतंच. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणून एएम ट्रान्समीटर. लॅबच्या या टेबलावरून त्या टेबलावर आवाज गेला म्हणून आम्ही चौघींनी पेढे वाटले होते.

मैत्रिणींनो, एएम म्हणजे काय ते माझ्या भाषेत सांगते. तानपुरा सतत एका सुरात वाजत असतो ना, तशी ट्रान्समीटरमधून एक लहर सतत बाहेर पडत असते. आपण बोललो की त्या सुराची पट्टी बदलत नाही, तो फक्त लहानमोठा होतो, आवाजाच्या चढउताराप्रमाणे. रेडिओ तेवढा चढउतार वेगळा काढतो आणि आपल्याला ऐकवतो. बस्स. म्हणून एएमचा रेडिओ इतका साधा असतो, आणि म्हणूनच अण्णांचा रबर बँडवाला सेटसुद्धा अजून चालत होता.

त्या रात्री मी अमेरिकेचा नियम शोधून वाचला. तिथलं रेडिओचं सरकारी खातं म्हणजे एफसीसी. त्यांच्या नियमांच्या पंधराव्या भागात मध्यम लहरींसाठी एक सवलत आहे. परवाना लागत नाही, पण अटी कडक. ट्रान्समीटरच्या शेवटच्या टप्प्याला द्यायची शक्ती शंभर मिलिवॅटच्या वर नाही. शंभर मिलिवॅट म्हणजे एका वॅटचा दहावा हिस्सा. देवघरातला बारकासा बल्बसुद्धा याहून जास्त खातो. आणि अँटेना, तिच्यापर्यंत जाणारी वायर आणि जमिनीत जाणारी अर्थिंगची वायर, हे सगळं धरून लांबी तीन मीटर. शिवाय दुसऱ्या कुठल्या स्टेशनला त्रास झाला तर तुमचं बंद करायचं, आणि दुसऱ्याचा त्रास तुम्हाला झाला तर गप बसायचं. थोडक्यात, सुनेचे नियम!

पण घरी वापरायला स्वतः जोडलेला संच चालत होता. म्हणून मी सुटे भाग मागवले. ते भाग, अर्थिंगची कांब, पीव्हीसी पाइप, तांब्याची नळी, वाइंडिंगची तार, बॅटरी, सगळं मिळून एकशे चाळीस डॉलर. तेव्हाच्या भावानं सात हजार रुपये. ते मी वाणसामानातून काढले. दोन महिने बाहेर जेवायला गेलो नाही, एवढंच. माइक घेतला नाही, स्काइपवर आईशी बोलायचा होता तोच वापरला. कार्यक्रम जोडायला ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर होतं, ते फुकट.

डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी आठ वर्षांनी सोल्डरिंग आयर्न हातात धरलं. राळेचा तो वास आला आणि एकदम कराडची लॅब डोळ्यांसमोर आली. पहिल्याच दिवशी एक कपॅसिटर उलटा बसवला. चालू केल्यावर फट्‌कन फुटला. अण्णा खिडकीतून उठून आले. "काय उडवलंस?"

"रेडिओ स्टेशन बनवतेय, अण्णा."

ते टेबलाकडे बराच वेळ बघत राहिले. मग खुर्ची ओढली आणि बसले.

खरं अवघड काम अँटेनाचं. मध्यम लहरींच्या त्या टोकाला एक लहर जवळजवळ एकशे नव्वद मीटर लांब असते. नीट फेकायची तर तिच्या पावभर, म्हणजे सत्तेचाळीस मीटरचा मनोरा हवा. आपल्याला परवानगी तीन मीटरची! ही तूट थोडीफार भरून काढायला पाइपवर तारेचं वेटोळं करायचं असतं, वेढ्याला वेढा लागून, एकावर एक न चढवता. शंभराच्या वर वेढे. माझा हात तिसाव्या वेढ्याला घसरायचा आणि सगळं सुटायचं. अण्णांनी पाइप मांडीवर घेतला, तार दातात धरली आणि दीड तासात वेटोळं पुरं केलं. मध्ये एकदाच बोलले, "चहा टाक."

आम्ही तळमजल्यावर राहायचो. वरचा फ्लॅट मिळाला नाही म्हणून मी दोन वर्षं कुरकुर केली होती, तोच तळमजला आता कामाला आला. वरच्या मजल्यावरून अर्थिंगची वायर खाली सोडली असती तर तीन मीटर तिथेच संपले असते. मी ऑफिसातल्या बाईंना जाऊन रीतसर विचारलं. त्यांनी दोनदा समजून घेतलं आणि म्हणाल्या, हिरवा रंग दे, म्हणजे दिसणार नाही. कांब ठोकण्याआधी ८११ नंबरला फोन करावा लागतो, मग माणूस येऊन खाली गॅस, विजेची लाइन कुठे आहे ते रंगानं आखून देतो. तेही केलं. जमीन गोठायच्या आत कांब ठोकली, पावसाबर्फापासून ट्रान्समीटर वाचावा म्हणून आइस्क्रीमच्या चौकोनी डब्यात तो बसवला आणि मेथीच्या कुंडीशेजारी आमचा मनोरा उभा राहिला.

स्टेशन कुठल्या नंबरवर लावायचं, यात एक गंमत झाली. असे छोटे ट्रान्समीटर लोक शक्यतो १६०० च्या पुढे लावतात, तिथे गर्दी कमी. पण तिकडची पट्टी १७०० पर्यंत जाते आणि आपल्याकडची १६०२ ला संपते. अण्णांच्या सेटचा काटा १६०० ला टेकला की पुढे सरकायलाच तयार नाही! मग चार दिवस दुपारी ऐकून ऐकून १६०० च्या अलीकडची एक शांत जागा शोधली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चालू केलं तर नुसती घूं घूं. लॅपटॉपचा चार्जर काढला, ती अर्धी कमी झाली. ट्रान्समीटरही बॅटरीवर घेतला, ती गेली. मल्टिमीटर बघत वेटोळं जुळवायचं तर हात जवळ नेला की आकडा पडायचा, लांब झालं की चढायचा. अंदाजानं जुळवायचं आणि पळत मागे यायचं, असा खेळ थंडीत तासभर. वरच्या मजल्यावरची बाई खिडकीतून बघत होती. तिला काय वाटलं असेल कोण जाणे.

आता लावायचं काय? मला वाटलं होतं, मराठी गाणी लावू. पण लहान का असेना, प्रसारण ते प्रसारण. सिनेमाची गाणी लावायची तर हक्काचे पैसे भरावे लागतात. ते आपल्याला परवडणारे नव्हते. आणि पैसे कुणाकडून घ्यायचेही नव्हते. माझ्या व्हिसावर एक डॉलर कमावला तरी पंचाईत. म्हणजे गाणी नाहीत, जाहिराती नाहीत. उरली माणसं.

कपड्यांच्या मोठ्या कपाटात मी दोन रजया टांगल्या, माझ्या साड्या तशाच ठेवल्या, आत स्टूल टाकलं. असा स्टुडिओ मी अजून कुठे बघितला नाही, पण आवाज अजिबात घुमत नाही. पहिल्या दिवशी मीच बोलले, अण्णा काही बोलले नाहीत. उद्या किती बर्फ पडणार, कोण कधी भारतात चाललंय आणि कुणाच्या बॅगेत औषधं पाठवता येतील, कुठल्या दुकानात कोथिंबीर आली. नागपूरच्या काकूंनी दळण म्हणताना आईकडून ऐकलेल्या ओव्या म्हटल्या. अम्मम्मा तेलुगूत बोलल्या. त्यांच्या नातीनं हिंदीत सांगितलं. जुन्या सामानाच्या दुकानातून तीन-तीन डॉलरला गजराचे रेडिओ आणले आणि ज्यांच्याकडे नव्हते त्यांना वाटले.

वेळ रोज दुपारी दोन ते तीन. सुरुवातीला संध्याकाळी ठेवली होती, पण तिकडे डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो. अंधार पडला की आकाशातला एक थर विरून जातो आणि हजार-हजार मैलांवरची बलाढ्य स्टेशनं वरून परतून येऊन कोसळतात. आमचा दहावा हिस्सा वॅट त्यात कुठे ऐकू येणार! दिवसा मात्र आमच्या तीन बिल्डिंगांत स्वच्छ, चौथीत जेमतेम, सहावीत खिडकीशी रेडिओ धरला तर.

"एवढ्या मोठ्या देशात हे एवढंच पळतंय व्हय?" अण्णा म्हणाले.

पण दुसऱ्या आठवड्यात, मी भाजी चिरत असताना, कपाटातून आवाज आला. अण्णा आत बसले होते. "लक्ष द्या. फलाट क्रमांक एकवर... बिल्डिंग नंबर तीनच्या काकू ओव्या घेऊन येत आहेत. प्रवाशांनी आपापल्या खुर्चीत बसून घ्यावे." तोच आवाज. स्टँडवरचा. मी सुरी ठेवली आणि हलले नाही, कारण हलले असते तर त्यांना कळलं असतं की मी ऐकतेय.

मग रोज तेच. गाड्या पुकारल्यासारखे कार्यक्रम पुकारायचे. विटा स्टँडच्या गोष्टी सांगायचे: दुष्काळात गाडी भरभरून कामाला निघालेली माणसं, चुकलेली पोरं, एका म्हातारीनं तिकिटाऐवजी दिलेली कोंबडी. जयंतीकाका गुजरातीत उत्तर द्यायचे. दोघांना एकमेकांचं निम्मं कळायचं.

संक्रांतीनंतर जयंतीकाकांच्या मुलानं घर घेतलं, रस्त्यापलीकडे, पाऊण किलोमीटरवर. आमचं स्टेशन तिथे पोचेना. मंदारचा एक मित्र म्हणाला, "दहा वॅटचा अँप्लिफायर लाव. कोण बघतंय?" मी नाही म्हटलं. विनापरवाना प्रसारणाचा मूळ दंडच दहा हजार डॉलर, आणि आम्ही परक्या देशात व्हिसावर. अण्णांना ते पटलं नाही.

"एका म्हाताऱ्या माणसासाठी थोडं वाढवलं तर सरकार बुडणार हाय का?"

"अण्णा, नियम आहे. तुम्हीच रूट सोडून गाडी नेणाऱ्या ड्रायव्हरचा रिपोर्ट करायचात ना?"

"तुझी सासू असती तर तिनं माणूस आधी बघितला असता."

ते मला लागलं. दोन दिवस आम्ही बोललो नाही आणि स्टेशनही बंद. दुसऱ्या दिवशी अम्मम्मांची नात दार वाजवून गेली, आजी विचारतेय रेडिओ बिघडला का. त्या रात्री मी नियमाची पानं परत काढली, कुठे फट सापडते का म्हणून. नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी पावणेदोनला अण्णा कपाटात जाऊन बसले आणि आतून हाक मारली, "अगं, चालू करतीस ना?" माफी त्यांनी मागितली नाही. मीही नाही.

शनिवारी दोनला एक निळी गाडी आमच्या पार्किंगमध्ये येऊन थांबली. आत जयंतीकाका आणि त्यांची सून. गाडीतला रेडिओ लावून, काचा बंद करून, बर्फात तासभर बसले. तीन वाजता गाडी निघून गेली. पुढच्या शनिवारी परत. अण्णा खिडकीतून हात करायचे आणि मग धावत कपाटात जाऊन पुकारायचे, "अमदाबाद गाडी फलाटावर लागलेली आहे."

एप्रिलमध्ये सहा महिने भरले, अण्णा परतले. जूनपर्यंत मी आणि अम्मम्मांनी रेटलं, मग त्याही गुंटूरला गेल्या. मनोरा काढला, कांबीच्या भोकात माती भरली.

२०१५ च्या मे महिन्यात नियम बदलला आणि ग्रीन कार्डच्या रांगेतल्यांच्या बायकांना काम करता यायला लागलं. पहिल्याच मुलाखतीत विचारलं, मधली इतकी वर्षं काय केलंत? मी फोनवरचे फोटो दाखवले. आइस्क्रीमचा डबा, वेटोळं, हिरवी नळी. त्या इंजिनियर बाईंनी अर्धा तास फक्त वेटोळ्याबद्दल विचारलं. सर्किट बोर्ड तपासायचं काम होतं, ते मिळालं.

पुढच्या वर्षी विट्याला गेले तेव्हा अण्णांनी सगळी तयारी करून ठेवली होती. गच्चीवर पाइप, तारेचं बंडल. "इथे चालू करू. हितं तर ऐकणारे किती!" त्यांना समजावताना माझ्याच जिवावर आलं. आपल्याकडे अशी सवलत नाही. तेव्हा १८८५ चा टेलिग्राफ कायदा होता, आता २०२३ चा दूरसंचार कायदा आलाय. परवानगीशिवाय असं रेडिओ केंद्र चालवता येत नाही, कितीही छोटं असो. बिहारमध्ये वैशाली जिल्ह्यातल्या मन्सूरपूरला रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका तरुणानं अगदी थोडक्या पैशांत गावाचं स्टेशन चालवलं होतं, ते २००६ मध्ये बंद करावं लागलं. त्याच वर्षीपासून सामुदायिक रेडिओचा परवाना स्वयंसेवी संस्थांनाही मिळू लागला, पण तो संस्थेला, एखाद्या घराला नाही, आणि तो एफएमवर. अण्णा पाइपकडे बघत म्हणाले, "मग टोमॅटोला लावतो."

त्याच सुट्टीत आम्ही भाड्याच्या गाडीनं पंढरपूरला निघालो, म्हसवडवरून. तिथे माणदेशी बायकांचं सामुदायिक केंद्र आहे, २००८ पासून, ९०.४ वर. मी ड्रायव्हरला नंबर सांगितला. लागलं! आपल्याच बोलीत बायकांच्या गप्पा चाललेल्या. अण्णा पुढे वाकले.

"आपल्या सेटवर लागंल का हे?"

"नाही अण्णा, हे एफएम. तुमचा जुना आहे."

ते काही बोलले नाहीत. म्हसवड मागे पडलं, थोड्या वेळानं आवाजात बारीक खरखर यायला लागली. अण्णांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला.

"जरा हळू चालव रं. लांब गेलो की जातंय ते."